पुलावरचा हल्ला, वय वर्षे सहा ते बारा

“दादा उंच पाहिजेत,” अभिमन्यू म्हणाला. “बाकीच्यांपेक्षा डोकंभर तरी.”

पंचशीलाने टेबलावरचा प्लॅस्टिकचा बाहुला उचलून दाखवला. “साहेब, सगळे बाहुले एकाच साच्यातनं निघतात. दादा, पोलीस, दूधवाली म्हातारी. समदे सारखेच.”

“म्हातारी आन् दादा सारखे?”

“दादांना फेटा घालू. फेट्यानं उंची वाढती.”

अभिमन्यूने थोडा विचार केला. “मोठा फेटा घाला.”

परळीतल्या त्या कारखान्यात ठोकळे जोडायचे खेळ बनत आणि पंचशीला ते खेळ आखायची. अभिमन्यू गेवराईचे पुढारी विजयसिंह दादा यांचा पुतण्या. तो दादांच्या आयुष्यावर सिनेमा काढत होता आणि सिनेमावर खेळणं. सिनेमा यायच्या आत खेळणं दुकानात लागतं, म्हणून सिनेमावाले चित्रं आधीच देतात आणि कुणाला दाखवू नका म्हणतात. पंचशीलाला त्याची सवय होती. मागच्या खेपेला तिने एका सिनेमासाठी भूत बनवलं होतं. पुढे सिनेमातून भूतच कापलं. खोक्यात मात्र ते झकास विकलं गेलं.

या वेळचा मोठा खोका गोदावरीच्या पुलावरच्या हल्ल्याचा होता. पूल, पांढरी जीप, तोंड बांधलेली माणसं, जखमी दादा आणि जागीच गेलेला ड्रायव्हर. या हल्ल्याबद्दल पंचशीलाने कधी ऐकलं नव्हतं. पण गेवराईकडं वाळूवरून कोण कुणाच्या अंगावर गाडी घालतं, याची खबर परळीत कोण ठेवतो? इथं वीज केंद्राच्या राखेवरूनच पुरेसं चालतं.

जीप तिने आगीच्या बंबाच्या जुन्या खेळावरून उचलली होती. शिडी काढली, रंग बदलला. दादांना ड्रायव्हरशेजारी बसवलं होतं, पुढारी बसतात तसं.

“मागं बसवा,” अभिमन्यू म्हणाला. “पुढची काच फुटतीय.”

तिने दादांना मागे बसवलं. मग त्यांची मान फिरवून दाखवली. डोक्याला दोन बाजूंनी दोन तोंडं छापली होती. एक हसरं, एक जखमी पण करारी.

“रक्त कमी वाटतंय.”

“रक्त न्हाईच, साहेब. लेकरांचं खेळणं हाय. पट्टी बांधलीय.”

“बरं. आन् ह्यो ड्रायव्हर कावून हसायलाय?”

“ड्रायव्हरला एकच तोंड बसतंय. साध्या बाहुल्यांना समद्यांना हसरंच असतं.”

“मेल्यावर पण?”

“मेल्यावर पण.”

अभिमन्यूने बाहुला उलटसुलट करून पाहिला. “राहू द्या. निष्ठावान वाटतोय.”

“त्यांचा फोटो भेटला असता तर बरं झालं असतं. मिशी होती का?”

“ते अजून ठरलं न्हाई.”

नट ठरला नसेल, असं समजून पंचशीलाने ओठावरची जागा रिकामी ठेवली.

मालक बद्रीनाथ चहा घेऊन आत आले. त्यांना फक्त विक्रीचं कळायचं, पण ते पक्कं कळायचं. “छोट्या खोक्यात नुसते दादा देऊ,” ते म्हणाले. “ड्रायव्हर फक्त मोठ्या खोक्यात. लेकरू ड्रायव्हरसाठी रडंल आन् बाप गुमान मोठा खोका घील.”

“म्हंजे दादांपेक्षा ड्रायव्हरला भाव?”

“मेलेल्याला भाव असतोच, साहेब.”

अभिमन्यू हसला. तो हसलेला बघून पंचशीलाने धीर केला. गेले कित्येक दिवस ती हाच मोका शोधत होती. तिचा भाऊ बाळू गाडी चालवायचा, पण त्याला गाडी मिळत नव्हती. दिवाळीआधी काम मिळालं नाही तर तो बायकोला घेऊन ऊसतोडीला कर्नाटकात जाणार होता. आणि योगिताचे दिवस भरत आले होते. उसाच्या फडात बाळंत व्हायची वेळ तिच्यावर येऊ नये, एवढंच पंचशीलाला पाहिजे होतं.

“साहेब, दादांच्या गाडीवर माणूस लागतो का? माझा भाऊ हाय, बाळू.”

अभिमन्यूने हातातला फोन पहिल्यांदाच खाली ठेवला.

“चालवतो कसा?”

“लई सावकाश.”

“सावकाशच पाहिजे. घरात कोण कोण हाय?”

“बायको. गरोदर हाय. आन् मी.”

“मागं कुणी पुढारी, वकील? उद्या भांडायला येणारं?”

“न्हाई साहेब. आमचं कोण हाय?”

“मग पाठवा त्याला.”

बाळू दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून कारखान्याच्या दारात हजर झाला. अभिमन्यूने त्याला खालून वर पाहिलं आणि पांढऱ्या जीपची किल्ली हातावर ठेवली. गेवराईहून दादांना घ्यायचं आणि सभेला न्यायचं, एवढंच काम.

“गाडीत पिचकारी मारू नको,” पंचशीला म्हणाली.

“न्हाई मारत, अक्का. काच खाली करून मारीन.”

“दादा हाकलतील तुला.”

“आज पहिलाच दिस हाय, आज न्हाई हाकलत. योगीला सांग, कोयता माळ्यावर टाकून दे म्हणावं.”

त्याने जीप खरंच लई सावकाश काढली. फाटकापाशी हॉर्नसुद्धा वाजवला, समोर कुणी नसताना. राखेचे ट्रक जाऊ देऊन तो रस्त्याला लागला. पंचशीलाचे डोळे भरून आले. तिने अभिमन्यूला हात जोडले.

“लई उपकार झाले, साहेब. लेकरू दवाखान्यात जन्माला यील आता.”

“चांगलं हाय की.”

“तुमाला उशीर करत न्हाई. एकच राहिलंय. खोका आज छापायला जातोय. वर ‘सत्य घटनेवर आधारित’ टाकलंय, त्याच्याखाली हल्ल्याची तारीख लागती. कोणती टाकू?”

अभिमन्यू गेवराईच्या रस्त्याकडे पाहत म्हणाला, “आजचीच टाका.”