नाव घातलेला डबा

सलोनीने स्टीलचा डबा टेबलावर ठेवला आणि चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली घातली. क्लायंटकडून काही घ्यायचं नाही हा नियम तिला तोंडपाठ होता. तरी काल घेतलं. वर त्यातली दोन सुकेळी, उन्हात वाळवलेली ती गोड केळी, खाल्लीसुद्धा.

वसुंधराला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. सुपरवायझर म्हणून तिचा आज पहिला दिवस. बारा वर्षं ती लोकांची दुःखं ऐकत आली होती. आता शिकाऊ समुपदेशकांचं ऐकायचं आणि त्यांच्या नोंदींखाली सही करायची. सकाळी नवऱ्याने चिडवलं होतं की सुपरवायझर म्हणजे पिवळं हेल्मेट घालून साइटवर ओरडतो तोच ना. ती हसली होती, पण पोहे तसेच बशीत राहिले होते. चूक एकीची, सही दुसरीची. गेल्या आठवड्यापर्यंत अडलं तर ती आपल्या मॅडमना फोन करायची. आता अडलेल्यांनी तिला करायचा. अशात पहिलीच अडचण सुकेळ्यांची निघाली म्हणजे देवच पावला.

तिने सलोनीला समजावलं की माहेरून आलेली आगाशीची सुकेळी कोणी प्रेमाने दिली तर तोंडावर नाही म्हणणंही बरं नाही. घ्यावी, पण त्यावर बोलावं आणि लिहून ठेवावं. सलोनीचा जीव भांड्यात पडला.

नोंदी इंग्रजीत होत्या. क्लायंट शांत. प्रथमच हसली. झोप लागते म्हणाली. प्रगती उत्तम. नवरा गेल्यापासून दोन महिने नुसती रडणारी बाई, आणि काल हे. वसुंधराने सहीसाठी पेन उघडलं.

"डबा मंगळवारी परत देऊन टाक."

"मी म्हटलं तसं, मॅम. तर काकू म्हणाल्या, राहू दे तुझ्याकडंच. परत नको."

पेन थांबलं. वसुंधराने डबा फिरवून पाहिला. नोंदीत क्लायंटचं नाव लिहायचं नसतं, नुसतं आद्याक्षर. डब्यावर मात्र ठिपक्याठिपक्यांनी अख्खं नाव घातलेलं होतं. सौ. यमुना सुधाकर घरत.

भांड्यावर नाव घालतात ते भांडं कुठेही गेलं तरी घरी परत यावं म्हणून. वसुंधराच्या आईने एका वाटीपायी अख्खी आळी पालथी घातली होती. नवऱ्याचं आणि आपलं नाव असलेला डबा कुठली बाई परत नको म्हणेल?

हसू, झोप, शांतता. ही प्रगती नव्हती. बाईचं काहीतरी ठरलं होतं. की पहिल्या दिवसाच्या धास्तीने आपल्यालाच दोरीचा साप दिसतोय? चुकलो तर बाई दुखावेल. आणि बरोबर असलो तर काल दुपारपासून आतापर्यंत... पुढचा विचार तिने केलाच नाही.

"फोन लाव," ती म्हणाली. का, तेही सांगितलं.

आपण विचारलं आणि नसलेलं त्यांच्या डोक्यात आलं तर, असं सलोनी पुटपुटली.

"विचारल्याने येत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. सरळ विचार."

"मॅम, तुम्ही बोला ना."

वसुंधराचा हात केव्हाच फोनकडे गेला होता. पण यमुनाबाई ओळखत होत्या सलोनीला. परका आवाज ऐकला की सगळं ठीक आहे म्हणून ठेवून देतील. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि त्यांवर बसून राहिली. स्वतःच्या एकाही केसला ती इतकी घाबरली नव्हती. तिथे निदान फोन आपल्या हातात असायचा.

सलोनीने फोन स्पीकरवर लावला. रिंग जात राहिली. संपली. सलोनीने पुन्हा लावला. पाचव्या रिंगला उचलला.

"बोल पोरी."

सुकेळी छान होती, असं काहीतरी सलोनी बोलू लागली. वसुंधराकडे पाहिलं आणि थांबली.

"काकू, जीव द्यायचं मनात आहे का तुमच्या?"

पलीकडे शेजारच्या कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. तिसरीला वसुंधराने डोळे मिटून घेतले.

"तुला कोनी सांगितलं?"

सलोनीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. वसुंधराने सहीच्या जागेवर लिहिलं, 'घरी कोण?', आणि कागद पुढे सरकवला. सलोनीने विचारलं. कोणी नव्हतं. मुलगा रात्री आठला येणार. आता तीन वाजले होते. वसुंधराने खाली लिहिलं, 'ठेवू नकोस. निघतोय.'

"काकू, फोन चालू ठेवा. मी येतेय. डबा घेऊन येतेय."

"परत नको म्हटलं ना तुला."

"त्यावर नाव आहे तुमचं."

यमुनाबाईंचा आवाज आला तेव्हा तो रडून बसलेला होता.

"मग रिकामा नको आनू. रिकामा आनत नाहीत."

मनवेलपाड्याच्या सेंटरहून फुलपाड्याला यमुनाबाईंच्या घरी रिक्षाने दहा मिनिटं. सलोनी फोनवर बोलत राहिली, सुकेळी किती दिवस उन्हात ठेवतात, मध कोण लावतं, काहीही. वसुंधरा शेजारी बसली होती, डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून. झाकण खडखडत होतं. खड्डेच तसे होते. मग वळणावर टँकर आडवा आला आणि रिक्षा इंजिन बंद करून थांबली, तरी झाकण वाजतच होतं.