लहान इंजिन

बाळांनो, डोळे मिटू नका, नाहीतर वाचणार कसे? नुसतं मनात आणा. तुम्ही एका जुन्या व्हॅनमध्ये बसला आहात. शेजारी चाकांच्या खुर्चीत आजोबा आहेत, समोर दवाखान्याचा चढ आहे, आणि अर्ध्या चढावर व्हॅन गचके खाऊन बंद पडली आहे. त्या दिवशी तुमच्या जागी नऊ वर्षांची एक मुलगी होती.

"दमली बिचारी," आजोबा म्हणाले. "मी उतरू का? तेवढंच ओझं कमी."

"बाबा, थट्टा पुरे. सहाला पोचलो नाही तर डायलिसिसचं मशीन दुसऱ्याला देतील," आई म्हणाली. पावणेसहा झाले होते.

आई मेकॅनिक होती. इंजिन जितकं मोठं तितका गाडीचा कर जास्त. तो झेपेना, म्हणून तिने आपल्या हातांनी व्हॅनचं मोठं इंजिन उतरवून लहान बसवलं होतं. सपाट रस्त्यावर ते कसंबसं निभावून नेई. पण खुर्ची चढवा-उतरवायचा लोखंडी रॅम्प, ती खुर्ची आणि चढ एकत्र आले की त्याच्या नाकी नऊ येत.

मागून हॉर्न वाजू लागला. आईचा पाय ब्रेकवर अडकलेला, म्हणून मुलगीच उतरली. बघते तर मागच्या गाडीत तपासनीस साहेब! आज सकाळीच त्यांनी नवं इंजिन तपासून, कर कमी करून, कागदावर शिक्का मारला होता.

तिने काचेवर टकटक केलं. "काका, हॉर्नने नाही हलत ती. हात लावा ना."

साहेबांनी घड्याळ बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि बाह्या सरसावल्या. मागच्या गाड्यांतले आणखी दोघं आले. आईने इंजिन पुन्हा सुरू करून पहिला गिअर टाकला. काळा धूर ओकत, कण्हत कुंथत व्हॅन एकदाची दवाखान्याच्या दाराशी लागली.

"अहो ताई," साहेब धापा टाकत म्हणाले, "चांगलं मोठं इंजिन काढलंत कशाला?"

"तुमच्या कराच्या तक्त्यात बसावं म्हणून." आई घाईघाईने रॅम्प उतरवत होती. "आधीचं हा चढ हसत चढायचं. एवढा धूरही नव्हता. आणि गाडी धावते किती, तर आठवड्यातून तीनदा, इथवर."

"कर इंजिनावर असतो, ताई. नियम सगळ्यांना सारखा."

"चढही सगळ्यांना सारखाच आहे, साहेब," आजोबा म्हणाले, आणि आईने खुर्ची आत ढकलत नेली.

साहेब रुमालाने मानेवरची काजळी पुसत उभे राहिले. मुलगी आत गेली नाही. तिने तळहात फ्रॉकला पुसले, बोटांवर दिवस मोजले आणि त्यांना नीट समजावून सांगितलं,

"काका, परवा याच वेळेला. सोमवारी मात्र साडेचारला या."