ऑर्व्हिलची पहिली निवड

तिसरा गोल झाला तेव्हा ऑर्व्हिल टेस्कीने बाकावरून समाधानाने मान हलवली. गोल त्याच्याच संघावर झाला होता.

“आणखी दोन होऊ देत,” तो म्हणाला. “आजच तळ गाठू.”

एल्क हॉलोच्या हौशी आइस हॉकी लीगमध्ये चार संघ होते आणि नियम मोठ्या लीगसारखाच होता. जो संघ जितका खाली, त्याच्या नावाचे मार्चच्या सोडतीत तितके जास्त चेंडू. ज्याचा चेंडू निघेल त्याने गावात आलेल्या नव्या खेळाडूला आधी निवडायचं. एरवी नवा खेळाडू म्हणजे बदली होऊन आलेला एखादा पोटसुटा बँकवाला. यंदा मात्र वेइक्को होता.

ऑर्व्हिल बीव्हर्स संघाचा व्यवस्थापक. वय अठ्ठावन्न. गुडघ्याच्या डॉक्टरने त्याला खेळायला दोनच हिवाळे दिले होते आणि अकरा वर्षांत करंडक एकदाही त्याच्या हाती आला नव्हता. करंडक म्हणजे दुधाचं एक पोचे पडलेलं कॅन होतं, पण प्रश्न कॅनचा नव्हता. एक हिवाळा हरायचं, संघ मोडून नवा बांधायचा आणि दुसऱ्या हिवाळ्यात कॅन घरी आणायचं, असं त्याने ठरवलं.

मोडायची सुरुवात त्याने नेस्टरपासून केली. नेस्टर पिलिपिव त्याचा गोलरक्षक आणि सव्वीस वर्षांचा मित्र. ऑक्टोबरात त्याने नेस्टरला फायर हॉलच्या, म्हणजे बंबवाल्यांच्या, संघाला देऊन टाकलं आणि बदल्यात तीन चेंडू घेतले. अशी खबर फोनवरच द्यायची रीत होती, म्हणून त्याने फोन केला. नेस्टरचं घर रस्त्याच्या पलीकडे होतं. बोलताना दोघे खिडकीतून एकमेकांना दिसत होते.

“मनाला लावून घेऊ नकोस,” ऑर्व्हिल म्हणाला.

नेस्टरने फोन ठेवला आणि पडदा ओढला. तेव्हापासून अबोला.

मग मेहुणा ग्लेन गेला, दोन चेंडू आणि अंगणातला बर्फ उडवायच्या एका यंत्रावर. डोरीनने, म्हणजे ऑर्व्हिलच्या बायकोने, यंत्र चालतं का एवढंच विचारलं. चालत होतं. मग भावाबद्दल तिची काही तक्रार राहिली नाही.

हॉकीवेड्या फिनलंडहून एक माणूस येतोय ही बातमी गावात सप्टेंबरातच पोचली होती; नोव्हेंबरात वेइक्को आला. दिवसा धान्याच्या कोठारावर काम करायचा, राहायला नेस्टरच्या गॅरेजवरची खोली. अंगात तिकडच्या नामांकित हॉकी क्लबचं जाकीट आणि तोंडात समोरचे दोन दात नाहीत. गावाने एकदा त्याचं तोंड पाहिलं आणि विषय संपला. चकती लागल्याशिवाय दात काय घरबसल्या पडतात? लीगचा चिटणीस नेस्टरच. त्याने फलकावर नाव चढवलं आणि पुढे लिहिलं: बर्फावर आठ हिवाळे.

विचारायची सोय नव्हती. नियम नववा: निवड होईपर्यंत व्यवस्थापकाने नव्या माणसाशी अवाक्षर बोलायचं नाही, बोलला तर सगळे चेंडू जप्त. ऑर्व्हिल दुकानात वेइक्को दिसला की पाव न घेताच परत यायचा.

वेइक्को दर रविवारी रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, यायचा, पण मध्यंतरात. मध्यंतरात खेळाडूच फावडी घेऊन बर्फ खरवडायचे. ती चालवणारा म्हातारा वॉल्ट वारल्यापासून बर्फ सपाट करायची गाडी ताडपत्रीखाली पडून होती आणि तिची किल्ली कुठे गेली ते कुणीच सांगत नव्हतं. वेइक्को कठड्याला रेलून सगळं बघायचा, चुकचुकायचा आणि खेळ सुरू झाला की निघून जायचा.

“आपला खेळ त्याला बघवत नाही,” ऑर्व्हिल आदराने म्हणाला.

“बघवत तर मलाही नाही,” डोरीन म्हणाली. “मला कुणी निवडलंय का?”

फेब्रुवारीपर्यंत ऑर्व्हिलचं जेवणावरचं मन उडालं. बसला की पाय हलायचा, उभा राहिला की खिडकीशी जायचा. पलीकडच्या गॅरेजवर वेइक्कोची सावली इकडून तिकडे जायची आणि हा तिच्या चालीवरून तो डावखुरा आहे का ते ठरवायचा. बीव्हर्स एकही सामना जिंकले नाहीत. एकदा चुकून जिंकत आले होते, तेव्हा ऑर्व्हिलने स्वतः जाऊन आपल्याच जाळीत चकती ढकलली. शेवटी चाळीसपैकी एकतीस चेंडू त्याचे झाले. तरी नऊ दुसऱ्यांचे होतेच, आणि त्या नऊ चेंडूंनी त्याची झोप उडवली.

मार्चच्या शेवटच्या रविवारी दुपारी सगळा गाव रिंकवर जमला. चर्चच्या हॉलमधला बिंगोचा, चेंडू घोळवून एकेक बाहेर काढायचा पिंजरा आणला होता. चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या एड्नाबाईंनी दांडा फिरवला. चेंडू बाहेर पडला आणि टपटपत थेट बाकाखाली गेला. सगळे वाकले. ऑर्व्हिलला गुडघ्यामुळे वाकता येईना. तो डोळे मिटून उभा राहिला.

“बीव्हर्स,” एड्नाबाई बाकाखालून म्हणाल्या.

ऑर्व्हिल रडला. ग्लेनने, दुसऱ्या संघाचा असूनही, त्याला रुमाल दिला.

रीतीप्रमाणे निवडलेल्या खेळाडूने जर्सी घालून रिंकला एक फेरी मारायची असते. वेइक्को रबरी बूट घालून आला. जर्सी त्याने मुकाट्याने अंगात चढवली. ऑर्व्हिलने नवेकोरे स्केट पुढे केले आणि पाच महिने घशात अडकलेला प्रश्न विचारला.

“कुठे खेळणार तू? पुढे की मागे?”

वेइक्कोने स्केट उलटसुलट करून पाहिले, पात्याला बोट लावून पाहिलं आणि सांभाळून परत दिले. मग कठडा दोन्ही हातांनी धरून, पाऊल पाऊल टाकत तो बर्फाच्या कडेकडेने पार पलीकडच्या टोकाला गेला. ताडपत्री ओढून काढली, गाडीवर चढला, आठ हिवाळ्यांच्या सवयीने बैठक आपल्या मापाची करून घेतली आणि हात पुढे केला.

प्रेक्षकांतून नेस्टर उठला. खिशातून किल्ली काढून त्याने त्या हातावर ठेवली आणि ऑर्व्हिलकडे वळला.

“मनाला लावून घेऊ नकोस,” तो म्हणाला.