सामानापाशी

"गाठोडी वर नेता येणार नाहीत," दारातला रखवालदार म्हणाला. "त्या खिडकीत ठेवा, बिल्ला मिळेल. फुकट आहे."

धुळाप्पानं खिडकीकडं संशयानं बघितलं. आत फळ्यांवर परक्या लोकांच्या पिशव्या ओळीनं ठेवल्या होत्या. त्याच्याजवळ घोंगडीचं गाठोडं आणि दोन पिशव्या. संध्याकाळच्या गाडीनं गावी, माकणीला परतायचं म्हणून सगळं सोबतच आणलेलं. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेल्या माणसाला बिल्ल्याचं काय कौतुक? माळावर तळ पडला की कुणीतरी एकानं तळावर थांबायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. आणि ते एक माणूस कोण, हे त्याच्या घरात कधी कुणी विचारलंच नव्हतं.

"तू बस गं सामानापाशी," तो बायकोला म्हणाला.

हरणाबाई बाहेर फुलझाडांच्या कट्ट्यावर जाऊन बसलीसुद्धा. गाठोडं मांडीशी, पिशव्या पायाशी.

मोनिका तिकिटं घेऊन आली आणि बघतच राहिली. "आप्पा, माय कुठाय?"

"भाईर. सामानापाशी."

"अवो, तिच्यासाठीच तर आलाव आपण!"

खोटं नव्हतं ते. लेकीकडं येऊन आठ दिवस झाले होते, आणि आठही दिवस हरणाबाई खिडकीतून ही साठ मजल्यांची इमारत बघत होती. तिथं वर माणसं जातेत का गं, वरनं काय दिसत असंल गं, असं रोज विचारत होती. शेवटी मोनिकानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. म्हातारीनं साठ वर्षांच्या आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मोनिका धावत बाहेर गेली. "माय, ऊठ. म्या बसते हितं."

"तू जा गं त्यांच्यासंगं. त्यांना वर काय कळणार हाय? म्या हाय की हितं."

धुळाप्पा मागं उभा होता. 'चल, ऊठ' एवढे दोन शब्द बोलायचे होते. तो बोलला नाही. तिकिटावर साडेचारची वेळ होती, साडेचार वाजत आले होते, आणि सामानापाशी माणूस होतं. त्याच्या मते सगळं जागच्या जागी होतं.

लिफ्टमध्ये त्याच्या कानांना दडे बसले. दार उघडलं आणि समोर नुसती काच. काचेपलीकडं ऊन, उन्हाखाली घरंच घरं, आणि घरं संपली तिथून पाणी. धरण भरलेलं त्यानं पुष्कळदा बघितलं होतं, पण धरणाला पलीकडचा काठ असतो. याला काठच नव्हता.

"अगं, हे बघ की!" तो मागं वळून म्हणाला.

मागं एक परका माणूस आपल्या बायकोचा फोटो काढत होता.

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. चाळीस वर्षं त्यानं हीच चूक केली होती, आणि ती चूक आहे हे कळायला त्याला साठ मजले चढावे लागले.

"मोनिका, चल खाली. तिला घिऊन यू."

मोनिकानं तिथल्या मुलीला विचारलं. मुलगी गोड बोलली, पण नाहीच म्हणाली. साडेचारचा प्रवेश बंद झाला होता, आणि पुढची सगळी तिकिटं संपली होती. मोनिकानं पुन्हा विनवलं. मुलीनं पुन्हा तितक्याच गोडीनं मान हलवली.

धुळाप्पानं काचेला कपाळ टेकवलं आणि खाली बघितलं. रस्ता दिसला, गाड्या दिसल्या, फुलझाडांचा हिरवा पट्टा दिसला. माणसं मोहरीएवढी. कोसभरावरनं आपली लंगडी मेंढी ओळखणारा तो माणूस, त्याला त्या मोहऱ्यांत आपली बायको सापडेना. मोनिका म्हणाली, आप्पा, तिकडं जहाज बघा. तो वळला नाही. खाली जायची वेळ झाली तेव्हा तिनं त्याला हाताला धरून काचेपासून बाजूला केलं.

हरणाबाई होती तिथंच होती. उन्हं कलली होती, पण तिनं जागा बदलली नव्हती.

"आलाव? काय दिसलं वो?"

लिफ्टमध्ये त्यानं मनाशी ठरवलं होतं. निदान तिला हळहळ तरी वाटू नये.

"कायबी न्हाय. समदं धुकंच धुकं."

हरणाबाईनं मान वर करून आभाळाकडं बघितलं. आभाळ घासल्या परातीसारखं लख्ख होतं. मग तिनं नवऱ्याकडं बघितलं.

"तुमी येडशीच्या डोंगरावर मेंढरं घिऊन जायचाव," ती म्हणाली, "तवा सांजच्याला खाली आलाव की सांगायचाव. हिकडं पाणी दिसलं, तिकडं गवात दिसलं. भाकरी थापता थापता ऐकायचे म्या. माझं तेवढंच बघणं. आज तेवढंबी सांगू वाटंना व्हय?"

धुळाप्पा तिच्या शेजारी कट्ट्यावर टेकला. मोनिका पिशवी उचलायला वाकली होती, ती तशीच थांबली.

"सांगतो की," तो म्हणाला. पण सांगण्यासारखं त्यानं बघितलंच कुठं होतं? पाणी काय ते घटकाभर.

"म्या खालीच बघत व्हतो," तो शेवटी म्हणाला. "सगळा येळ. तुला हुडकत."

हरणाबाईचा चेहरा उजळला. तिनं पदर सारखा केला.

"मग? दिसले का म्या?"

"न्हाय," धुळाप्पा म्हणाला.