रिकामी कात्री

“काका, मी आलो की कात्री वाजते का?”

छोटूने हे सलूनच्या दारातच विचारलं, पाऊल आत टाकायच्या आधी. तिन्ही खुर्च्यांवरचे हात थांबले. मालकांनी गिऱ्हाइकाच्या मानेवरची पावडर झटकली आणि मान वर केली. छोटू हे नाव त्यांनीच ठेवलेलं. आता तो त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होता, आणि केस कॉलरच्या खाली आले होते.

त्याच्या मागून ताई आत आली. थोरली बहीण. घाईघाईने बोलायची तिला सवय झाली होती.

“तुम्हीच सांगा आता याला, काका. महिनाभर हाच घोशा. सलूनमध्ये मला बघून खुणा करतात म्हणे, कात्री वाजवतात. केस कापायला म्हणून येतो आणि तसाच परत. घरीही तेच. आम्ही स्वयंपाकघरात कुजबुजतो आणि हा आला की गप्प होतो म्हणे. या आजारात होतं असं, नसलेलं ऐकू येतं. डॉक्टर म्हणाल्या, शंका आली की मनात ठेवू नकोस, ज्याच्यावर विश्वास आहे त्याला सरळ विचार. तर याने तुमचं नाव घेतलं.”

छोटू खाली बघत उभा होता. आपल्याबद्दल आपल्यासमोर बोललेलं ऐकायची सवय त्यालाही झाली असावी.

आता खरी गोष्ट अशी, की कात्री वाजत होती.

ती खोड मालकांचीच. डोकं उठवणारं गिऱ्हाईक दारात दिसलं, की ज्याला आधी दिसेल त्याने हवेत दोनदा रिकामी कात्री वाजवायची. मग हातातलं काम लांबवायचं आणि पुढचं गिऱ्हाईक दुसरंच बोलवायचं. ‘रेडिओ’ नावाचा एक गृहस्थ होता, तो बसला की दाढी होईपर्यंत जगाच्या बातम्या संपायच्या नाहीत. मुख्यतः त्याच्यासाठी ही युक्ती निघाली. त्यात कोणाचं काही बिघडत नव्हतं. कंटाळून रेडिओ दुसरीकडे जायचा आणि तिकडे लागायचा.

छोटू इस्पितळातून घरी आला, त्यानंतर बाकावर बसला की शेजारच्याला हळूच विचारायचा, “माझ्याबद्दल काही बोललात का?” अगदी नम्रपणे विचारायचा. पण दोन जुनी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जायला लागली. मग एके दिवशी तो दारात दिसला आणि कात्री वाजली. ती पहिली कात्री मालकांनी वाजवली होती. त्यानंतर छोटू बाकावर बसून राहायचा, मागून आलेले पुढे जायचे, आणि तो काही न बोलता निघून जायचा.

मालकांनी ताईकडे बघितलं. मग कारागिरांकडे. दोघांनीही माना खाली घातल्या होत्या.

“छे रे,” मालक हसले. “कात्री म्हटल्यावर ती वाजणारच. तुझा भास आहे तो.”

छोटूने मान डोलावली. “बरं. म्हणजे तेही डोक्यातलंच.”

ताईचा जीव भांड्यात पडला. ती बाकावर टेकली. मालकांनी आधीच्या गिऱ्हाइकाला मोकळं केलं, छोटूला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि गळ्याभोवती कापड बांधलं. याच खुर्चीच्या हातांवर फळी टाकून त्यांनी त्याचे पहिले केस कापले होते. तेव्हा तो रडरड रडला होता आणि मालकांनी त्याच्या मुठीत कंगवा दिल्यावर गप्प झाला होता. आज गप्पच होता. मालकांनी कात्री उचलली.

तेवढ्यात दार उघडलं आणि रेडिओ आत आला. तिसऱ्या खुर्चीवरच्या कारागिराचा हात सवयीने वर गेला. कच, कच.

कापडाखाली छोटूचे खांदे आखडले. त्याने तिसऱ्या खुर्चीकडे वळून बघितलं नाही. आरशातून मालकांकडे बघितलं.

“काका,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “आत्ताही ऐकू आली. अगदी स्पष्ट. पण वाजली नाही ना? डॉक्टरांना सांगायला हवं. गोळ्या वाढवायला लागतील.”

मालकांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. दुकानाची अब्रू राहिली असती, ताई समाधानाने घरी गेली असती. मालकांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. हा पोरगा स्वतःचे कान सोडून त्यांच्या जिभेवर विसंबला होता. त्यांनी कात्री खाली ठेवली.

“वाजली,” ते म्हणाले. “आत्ता वाजली ती त्या गृहस्थांसाठी. पण तू यायचास तेव्हा तुझ्यासाठीच वाजायची. सुरुवात मी केली. मघाशी मी खोटं बोललो. तुझे कान ठीक आहेत, बाळा.”

रेडिओसुद्धा दारातच गप्प उभा राहिला. छोटू आता उठून जाईल, चार शब्द सुनावेल, असं मालकांना वाटलं, आणि त्याने सुनावावेत असंही वाटलं. पण तो उठला नाही. त्याचे खांदे हळूहळू खाली आले. बराच वेळ तो आरशात आपल्याच चेहऱ्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर आरशातूनच मागे बाकाकडे गेली. ताई एकदम पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

“ताई,” तो म्हणाला, “मग स्वयंपाकघरातलं?”