दम्यानं गेले

ताटात कुसकरलेली भाकर. भरवणारा हात नातीचा.

भिंतीवर श्रावणचा फोटो, सत्तावीस वर्षांपूर्वीचा.

फ्रीजमध्ये ठेवायचं इंजेक्शन. महिन्यातून दोनदा.

रविवारी नातीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा.

बोरी अरबच्या भीमराजची पांढरी गाडी, सकाळी सातलाच दारात.

या सगळ्याच्या मधोमध तुळसाबाई बसली होती, यवतमाळच्या सांध्यांच्या डॉक्टरांपुढे. वय अडुसष्ट. बोटं अशी वाकलेली, की पदरही सारखा करता येत नव्हता. एका बाजूला मुलगा अतुल, दुसऱ्या बाजूला भीमराज, होणारे व्याही. नात उर्वशी त्यांच्या मुलाला, संघदीपला, द्यायची ठरलेली. त्यांनी गाडी आणली तिथवर ठीक होतं. पण मी आतही येतो म्हणाले, तेव्हा अतुलची पंचाईत झाली. व्याह्याला बाहेर थांबा कोण म्हणणार?

डॉक्टरांनी नीट समजावलं. इंजेक्शन चांगलं आहे, नुसतं वय झालं म्हणून नाकारायचं कारण नाही. फक्त त्यानं अंगातली राखण ढिली पडते. जुना टीबी दडून बसला असेल तर उठतो. रक्ताच्या तपासणीत काही आलं नव्हतं. पण या वयात, वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या खाल्लेल्या माणसात ती तपासणी कधी कधी फसते. म्हणून तोंडी विचारावं लागतं.

"घरात कधी कोणाला टीबी झाला होता का, आजी?"

"नाही जी. बाबा दम्यानं गेले," अतुलच बोलला. तो खोटं बोलत नव्हता. श्रावण दम्यानं गेला, असंच त्याला सांगितलेलं होतं. गावालाही तेच.

तुळसाबाईनं भीमराजकडे पाहिलं नाही. आता तोंड उघडलं तर सोयरीक मोडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. टीबीच्या घरची पोरगी कोण करतं? आपलं व्हायचं ते होवो, असं तिनं ठरवलं. डॉक्टर फाईलवर लिहू लागले. मग तिच्या डोळ्यांपुढे उर्वशी आली. तिच्याच ताटात जेवणारी, घास भरवणारी, तिच्याच गोधडीत झोपणारी. टीबी उठला तर आधी त्या पोरीलाच धरेल.

"दमा नव्हता, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "त्यायले टीबी होता. आठ महिने मीच उशाशी होती."

अतुल आईकडे बघतच राहिला. भीमराज उठले आणि बाहेर गेले.

डॉक्टर रागावले नाहीत. छातीचा फोटो काढू, आधी टीबी दाबायच्या गोळ्या, महिन्याभरानं इंजेक्शन, असं म्हणाले. त्यातलं फारसं तुळसाबाईच्या कानात शिरलं नाही. हात मोकळे होणार होते आणि पोरीचं लग्न गेलं होतं.

बाहेर भीमराज गाडीचं दार उघडून उभे होते. डोळे लाल. तुळसाबाईनं हात जोडायला घेतले, ते जुळेनात.

"तुमाले फसवाचं नव्हतं, भाऊ."

"बसा, विहीणबाई," भीमराज म्हणाले. "रविवारले चारच दिवस राह्यले."

मागच्या वर्षी नागपूरच्या डॉक्टरांनी भीमराजच्या आईसाठी हाच प्रश्न विचारला होता, आणि भीमराजनी घरातला टीबी लपवून नाही म्हणून सांगितलं होतं. इंजेक्शन सुरू झाल्यावर चौथ्या महिन्यात म्हातारी टीबीनं गेली.