गडगडाटानंतरचा खोकला

आमच्या वडशाच्या नाटक कंपनीचे साउंडवाले गोपालभाऊ दिवाळीच्या तोंडावर वारले, आणि त्याच आठवड्यात त्यांचा लॅपटॉपही बंद पडला. पण भाऊंनी आपल्या अख्ख्या लिनक्सचा स्नॅपशॉट, म्हणजे लॅपटॉपमधल्या सगळ्याची जशीच्या तशी नक्कल, पेनड्राइव्हवर घेऊन ठेवला होता. तो मी नव्या लॅपटॉपवर टाकला, तर त्यांचाच लॅपटॉप पुन्हा माझ्यासमोर उभा राहिला. स्क्रीन तीच, फोल्डर तेच, बंदुकीचे, घोड्यांचे, विजांचे आवाजही तेच. विजांचा गडगडाट भाऊंनी स्वतःच्या ओसरीवर बसून रेकॉर्ड केला होता आणि त्याच्या शेवटी त्यांचा खोकला आला होता. तो त्यांनी कधीच काढला नाही, कारण आमच्या हिरोईन रंजीताबाई त्या खोकल्यावरच एंट्री घ्यायच्या.

गेलेल्या माणसाचा खोकला रोज वाजवणं माझ्याच्यानं होईना. मी तो कापला, नवा स्नॅपशॉट घेतला आणि जुना पुसून टाकला.

दुपारी तालमीत गडगडाट वाजला आणि थांबला. त्यानंतर काहीच वाजलं नाही. तरी रंजीताबाई रोजच्यासारख्या बरोबर वेळेवर एंट्री घेऊन आल्या.

तालीम संपल्यावर मी म्हणालो, "बाई, तुमाले सांगाचंच राह्यलं. तो खोकला मी काढून टाकला. मंग तुमाले एंट्री कशी समजली?"

माझ्या पाठीमागं बघत त्या हळूच म्हणाल्या, "काऊन नाई समजणार? तू तं फक्त लॅपटॉपमधलाच काढला."